एका जोखडाच्या दोन मोटरी

इटलीच्या उत्तर किनाऱ्यावर जेनोवा हें मोठें बंदर आहे. बंदराच्या पाठीशीं आपेन्नीनो पर्वताची भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीपलीकडे पो नदीच्या खोऱ्यांत तूरीन, मिलान यांसारखीं कारखान्यांचीं शहरें वसलीं आहेत. जहाजांतून जें उतरतें तें या भिंतीवर चढवून पलीकडे न्यावें लागतें. ज्या खिंडीच्या आधारानें हें काम चालतें तिचें नांव जिओवी. इ. स. १८५३ मध्यें या खिंडीखालून बोगदा पाडून आगगाडीचा रस्ता पुरा झाला. पाँतेदेचिमो या स्टेशनापासून बुसाल्ला या स्टेशनापर्यंतच्या चढणीवर कांहीं ठिकाणीं रूळ हजार मीटर पुढें जातांना ३५ मीटर वर चढतो. आपल्याकडील बोरघाटाचा मोठ्यांत मोठा चढ ३७ स एक, म्हणजे हजारास सुमारें २७ असा आहे. कर्जतला गाडीच्या पाठीस ढकलणारीं इंजिनें लागतांना ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ३५ या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

एवढा चढ एका इंजिनाच्या आटोक्यांतला नव्हता. म्हणून आरंभापासूनच तेथें जोडीचा विचार झाला. स्टीफन्सनच्या कारखान्यानें दोन लहान इंजिनें पाठीस पाठ लावून एकत्र जोडलीं. लोक त्या जोड्यांना जिओवीचे मास्टोडोन म्हणत. मास्टोडोन म्हणजे प्राचीन काळचा, आतां नामशेष झालेला, हत्तीसारखा प्रचंड प्राणी. या जोड्या माल वर नेत, परंतु त्यांचा धूर कोठें जाणार? घाटांतील मुख्य बोगदा सव्वातीन किलोमीटर लांब. गाडी जड, चढ उभा, वेग मंद, आणि पुढच्यामागच्या इंजिनांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर त्याच नळींत कोंडलेला. इंजिन चालविणारे व कोळसा घालणारे तोंडावर ओलें फडकें धरून बोगदा पार करीत. ऑगस्ट १८९८ मध्यें जें व्हावयाचें तें झालें. चढणाऱ्या एका गाडीवरील इंजिनवाले बोगद्यांतील वायूनें बेशुद्ध पडले, गाडी आपल्या वजनानें उलटी घसरूं लागली आणि खालच्या स्टेशनाजवळ दुसऱ्या गाडीवर आदळली. माणसें मेलीं. त्या दिवसानंतर या घाटावर कोळशाऐवजीं दुसरें कांहीं तरी आणलें पाहिजे, याविषयीं वाद उरला नाहीं.

हें दुसरें कांहीं तरी म्हणजे वीज. इटलींत त्याच सुमारास एक नवा प्रयोग चालला होता. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यांतील कालमान कांडो या हंगेरियन इंजिनिअरनें आल्प्सच्या पायथ्याशीं वाल्तेल्लिना खोऱ्यांतील रेल्वे १९०२ मध्यें तीन फेजांच्या विजेवर चालवून दाखविली. पुढें तोच कांडो इटलींत वादो लिगूरे येथील वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांत आला, आणि १९०८ पासून तेथें जिओवीच्या घाटासाठीं नवीं इंजिनें तयार होऊं लागलीं. या जातीला ई ५५० असें नांव मिळालें. पांच कण्यांचें, दहाही चाकें एकमेकांस दांड्यांनीं जखडलेलें, सुमारें ६० टन वजनाचें हें इंजिन; आणि त्याच्या पोटांत प्रत्येकी सुमारें ७५० किलोवॅट शक्तीच्या दोन इंडक्शन मोटरी. लोकांनीं त्याला नांव दिलें जिओवीचें खेंचर. अशीं एकंदर १८६ इंजिनें पुढें बनलीं. १९१० च्या सुमारास तीं घाटावर चढूं लागलीं आणि बोगद्यांतील माणसाला श्वास घेतां येऊं लागला.

खेंचराच्या पोटांतील या दोन मोटरी एकाच कामाला जुंपलेल्या असतांना कशा वागतात, त्यांत वीज कोठें वांचते व कोठें वायां जाते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो समजण्यास आधीं इंडक्शन मोटरीचा स्वभाव पाहिला पाहिजे.

ही मोटर दिसावयास फार साधी आहे. तूरीन येथील प्राध्यापक गालिलेओ फेरारीस यांनीं १८८५ मध्यें तिचें तत्त्व प्रयोगानें दाखविलें आणि १८८८ मध्यें तें प्रसिद्ध केलें. त्याच सालीं अमेरिकेंत निकोला टेस्ला यांना तिचीं पेटंटें मिळालीं. मोटरीचा बाहेरचा भाग स्थिर असतो. त्याच्या वेटोळ्यांत तीन फेजांची वीज सोडली कीं त्यांत चुंबकत्व उत्पन्न होऊन तें गोल फिरूं लागतें. लोखंड जागचें हलत नाहीं, चुंबकत्व मात्र फिरतें. आंतील मोकळा भाग या फिरत्या चुंबकत्वाच्या मागें लागतो. परंतु तो त्याला कधीं गांठूं शकत नाहीं. गांठलें तर आंतील तारांत वीज उपजणें थांबेल, ओढ नाहींशी होईल, आणि तो पुन्हां मागें पडेल. म्हणून काम करणारी इंडक्शन मोटर नेहमीं थोडी मागें असते. चुंबकत्वाचे शंभर फेरे झाले तर तिचे सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव होतात. या दोनतीन फेऱ्यांच्या उणेपणाला येथें पिछाडी म्हणूं.

पिछाडीचे दोन नियम ध्यानांत ठेवले म्हणजे पुढचें सारें सोपें आहे. पहिला असा कीं, नेहमीच्या भारापर्यंत भार आणि पिछाडी जवळजवळ एकाच प्रमाणांत वाढतात. ज्या मोटरीची पूर्ण भारास तीन फेऱ्यांची पिछाडी असेल तिची अर्ध्या भारास दीड होते. दुसरा असा कीं, आंतील भागाकडे जी शक्ति पोंचते तिच्यापैकीं पिछाडी शेंकडा जितकी, तितका हिस्सा उष्णतेंत जातो. पिछाडी शेंकडा तीन तर शंभरांतील तीन भाग उष्णतेचे, सत्त्याण्णव कामाचे. पिछाडी शेंकडा पन्नास झाली तर अर्धी वीज पाणी तापविण्यांत गेली असें समजावें.

येथेंच घाटाची पहिली अडचण उभी राहते. ही मोटर एका ठरीव वेगाची. त्या काळीं इटलीच्या रेल्वेंत सेकंदास १५ आवर्तनांची वीज वापरीत. ई ५५० च्या मोटरींत आठ चुंबकध्रुव असत, म्हणून चुंबकत्व मिनिटास २२५ फेरे करी. एका मीटराहून थोड्या मोठ्या, १०७० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर त्याचा वेग ताशीं सुमारें ४५ किलोमीटर होतो. पुढें आवर्तनें सेकंदास १६⅔ झालीं तेव्हां तोच वेग ५० झाला. परंतु जड गाडी चढावर नेतांना, किंवा वळणांतून सांभाळून काढतांना, याच्या अर्धा वेग हवा असतो. तो मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे आंतील भागाच्या वाटेंत मुद्दाम रोध घालणें. इंजिनांत सोडा मिसळलेल्या पाण्याची टांकी असे. त्या पाण्यांत पत्रे बुडवून वीज त्यांतून नेत, आणि पाणी वरखालीं करून रोध कमीअधिक करीत. गाडी सुरू करावयास हा उपाय उत्तम. परंतु अर्ध्या वेगानें सारा घाट चढावयाचा तर वर सांगितल्याप्रमाणें अर्धी वीज त्या पाण्यांतच उकळून जावयाची.

कांडोनें यावर जी युक्ति योजिली तिला दोन मोटरी आणि त्यांना जखडणारा दांडा या दोहोंचीही गरज होती. अर्ध्या वेगाच्या वेळीं बाहेरची वीज फक्त पहिल्या मोटरीस देत. ती अर्ध्या वेगानें फिरत असल्यामुळें तिच्या आंतील भागांत भरपूर वीज उपजे. ती वीज पाण्याच्या टांकींत न सोडतां दुसऱ्या मोटरीस देत. त्या विजेचीं आवर्तनें अर्धीं, म्हणून दुसरी मोटरही अर्ध्याच वेगाची मागणी करी. आणि दोघी एकाच दांड्यास बांधलेल्या असल्यामुळें दोघींचा वेग आपोआप जुळे. जणूं आठ आणि आठ मिळून सोळा ध्रुवांची एकच मोटर झाली. पहिलीनें शंभर भाग वीज घेतली, पन्नास भाग स्वतः दांड्यावर टाकले, उरलेले पन्नास दुसरीच्या हवालीं केले आणि दुसरीनें ते त्याच दांड्यावर टाकले. जी वीज पाणी तापविण्यांत जावयाची ती गाडी ओढण्यास लागली. तेवढ्याच विजेंत अर्ध्या वेगानें जवळजवळ दुप्पट ओढ मिळाली. दांडा काढून घेतला तर ही सारी व्यवस्था कोसळते, कारण मग दुसरीच्या वेगाचें पहिलीशीं कांहीं नातें राहत नाहीं.

अर्थात् फुकट कांहीं मिळत नाहीं. दुसरीला चुंबकत्व निर्माण करण्यास जो प्रवाह लागे तोही पहिलीच्या तारांतूनच जाई. त्यामुळें ज्याला इंजिनिअर लोक पॉवर फॅक्टर म्हणतात तो या व्यवस्थेंत पडता असे, म्हणजे कामाच्या मानानें तारांत प्रवाह अधिक वाहे. म्हणून जेथें पूर्ण वेग चालत असे तेथें दोन्ही मोटरी बाहेरच्या विजेवर वेगवेगळ्या चालवीत, आणि अर्धा वेग गरजेपुरताच वापरीत.

आतां पूर्ण वेगाची गोष्ट पाहूं. येथें दोन्ही मोटरी सारख्या, वीज तीच, आणि दांड्यामुळें फेरेही तेच. तेव्हां दोघींनीं भार निम्मानिम घेतला असें वरवर वाटतें. बैलांची जोडी एका जोखडाखालीं सारखी पावलें टाकते; पण नांगरटीच्या शेतांत उभा राहणारा शेतकरी जाणतो कीं, एक बैल अंग देऊन ओढतो आणि दुसरा कधीं कधीं नुसता चालतो. मोटरींचेंही तसेंच आहे. जोडीचे फेरे सारखे म्हणजे पिछाडी सारखी. परंतु सारख्या पिछाडीस प्रत्येक मोटर किती ओढ देईल हें तिच्या तिच्या घडणीवर अवलंबून असतें. जिच्या आंतील तारांचा रोध कमी तिला थोड्या पिछाडींतच पूर्ण भार येतो. जिचा रोध अधिक ती त्याच पिछाडींत अर्धवट राबते. एकीच्या तारा थोड्या तापलेल्या असल्या तरीही भाराची वांटणी बदलते, कारण तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो.

या वांटणीला महत्त्व कां, तें साध्या अंकगणितानें दिसेल. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दोन मोटरींनीं प्रत्येकी एक भाग काम केलें तर उष्णता एक आणि एक मिळून दोन. त्यांनींच दीड आणि अर्धा असें काम केलें तर दीडाचा वर्ग सव्वादोन, अर्ध्याचा वर्ग पाव, मिळून अडीच. काम तेवढेंच झालें, पण उष्णतेचें नुकसान सव्वापट झालें. त्याहून वाईट असें कीं, त्यांतील सव्वादोन भाग एकाच मोटरीच्या अंगांत सांठले. जोडीचा हिशेब शेंकडा थोडा चुकला असें दिसत असतां प्रत्यक्षांत एक मोटर जळण्याच्या वाटेवर असते आणि दुसरी गार असते.

एका इंजिनांतल्या दोन मोटरींना निदान दांडा एक होता. घाटावर जड गाडीस एक इंजिन पुढें व एक मागें लावीत, तेव्हां दोन इंजिनांमधील दांडा म्हणजे सारी गाडी. येथें वेग सारखा, परंतु फेरे सारखे असतीलच असें नाहीं. कारण फेरे चाकाच्या आकारावर ठरतात. चाक झिजतें. समजा, पुढच्या इंजिनाचीं चाकें १०७० मिलिमीटरांचीं आहेत आणि मागच्याचीं झिजून १०६० चीं झालीं आहेत. फरक शेंकडा एकाचाही नाहीं. परंतु लहान चाकाला तेवढेंच अंतर जाण्यास फेरे अधिक करावे लागतात. मोठ्या चाकांच्या मोटरी सत्त्याण्णव फेऱ्यांवर असतील तेव्हां लहान चाकांच्या अठ्ठ्याण्णवांवर असतात. एकींची पिछाडी तीन, दुसरींची दोन. म्हणजे भार तीनास दोन या प्रमाणांत वांटला गेला. एका नखाएवढ्या झिजेनें एका इंजिनाच्या अंगावर दुसऱ्याच्या दीडपट ओझें टाकलें.

गाडी हलकी असतांना किंवा सपाटीवर प्रकार आणखी चमत्कारिक होतो. तेथें एका इंजिनाच्या मोटरी साडेनव्याण्णव फेऱ्यांवर आणि दुसऱ्याच्या साडेशंभरांवर येऊं शकतात. चुंबकत्वाच्या पुढें धांवणारी इंडक्शन मोटर ओढीत नाहीं. ती उलट वीज निर्माण करते आणि गाडीला मागें धरते. म्हणजे एक इंजिन तारेंतून वीज घेऊन ओढीत आहे, दुसरें तीच वीज तारेंत परत घालीत गाडी अडवीत आहे, आणि मधल्या डब्यांच्या सांखळ्या दोघांचें भांडण सोशीत आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास दोन इंजिनांची गाडी डौलानें चाललेली दिसते. खरी गोष्ट फक्त वीज मोजणाऱ्या घड्याळाच्या कांट्यास ठाऊक असते. यावर उपाय तोच, सोड्याच्या पाण्याचा. ज्याच्यावर अधिक भार येतो त्याच्या वाटेंत थोडासा रोध ठेवला कीं तें तेवढ्याच पिछाडींत कमी ओढतें आणि दुसऱ्यास आपला वांटा उचलावा लागतो. थोडी वीज पाण्यांत जाते, पण मोटर वांचते. चाकें एका मापाचीं ठेवलीं तर तेवढीही जावयास नको.

चुंबकत्वाच्या पुढें धांवतांच मोटर वीज देऊं लागते, हा जो तिचा स्वभाव सपाटीवर खोड ठरतो, तोच उतारावर गुण ठरला. घाट उतरतांना गाडीचें वजन इंजिनास पुढें रेटतें. फेरे शंभराचे एकशेंदोन होतात आणि दोन्ही मोटरी, कोणतीही किल्ली न फिरवितां, वीज परत तारेंत घालूं लागतात. वेग त्याहून वाढत नाहीं, कारण जितका अधिक रेटा तितकी अधिक वीज व तितकाच अधिक अटकाव. चारशें टनांचा भार १०० मीटर खालीं उतरतांना सुमारें १०९ युनिटें शक्ति सोडतो. वाफेच्या काळीं ही सारी शक्ति ब्रेकांचे ठोकळे झिजविण्यांत व चाकें तापविण्यांत जाई. आतां तिच्यांतून घर्षण व मोटरींतील तूट वजा जातां उरलेली वीज त्याच वेळीं घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस मिळे. बंदरांतून वर जाणारा माल जड आणि परतीच्या गाड्या बहुधा हलक्या, त्यामुळें सारा खर्च भरून निघणें शक्य नव्हतें. तरीही ज्या देशांत दगडी कोळसा परदेशांतून जहाजानें येतो आणि आरंभीं घाटाची वीजही जेनोवांतील कोळशावरच्या वीजघरांतूनच येत होती, तेथें उतरणाऱ्या गाडीनें चढणाऱ्या गाडीस लावलेला हातभार लहान नव्हता. येथेंही चाकांचा हिशेब सुटत नाहीं. चढावर मोठ्या चाकांचें इंजिन अधिक राबतें. उतारावर पारडें फिरतें आणि लहान चाकांच्या इंजिनावर अधिक अटकावाचें काम येतें.

जिओवीच्या खेंचरांचा काळ संपला आहे. डोक्यावर दोन तारा आणि तिसरी फेज रुळांतून, ही मांडणी स्टेशनाच्या आवारांत फार गुंतागुंतीची होई. शिवाय ठरीव वेगांपलीकडे दुसरा वेग नाहीं. इटलीनें हळूहळू तीन हजार व्होल्टांच्या सरळ प्रवाहाची पद्धत सर्वत्र आणली आणि तीन फेजांच्या तारांवरील शेवटची गाडी मे १९७६ मध्यें धांवली. मिलानच्या विज्ञान संग्रहालयांत एक ई ५५० आजही उभें आहे.

परंतु मोटर गेली नाहीं. विजेचीं आवर्तनें इंजिनांतच हवीं तशीं घडविणारीं साधनें निघालीं, आणि ठरीव वेगाचा जो दोष होता तो नाहींसा झाला. भारतीय रेल्वेकडे १९९० नंतरच्या दशकांत डब्ल्यूएजी ९ या जातीचीं मालगाडीचीं इंजिनें आलीं व पुढें तीं चित्तरंजनच्या कारखान्यांत होऊं लागलीं. त्यांच्या सहा कण्यांवर सहा इंडक्शन मोटरी असतात आणि उतारावर त्याही वीज परत करतात. त्यांच्या मूळ रचनेंत एका बोगीच्या तीन मोटरींना एकाच साधनांतून वीज मिळे. आवर्तनें तिघींना तींच. जोडदांडा दिसत नाहीं, पण रूळ तेंच काम करतो. एका बोगींतील चाकांच्या व्यासांत थोडाही फरक पडला कीं तिघींच्या पिछाडींत फरक पडतो आणि भार विषम होतो. म्हणून अशा इंजिनांच्या शेडमध्यें चाकांच्या मापाची इतकी बारीक काळजी घेतात. प्रत्येक कण्यास स्वतंत्र साधन दिलें म्हणजे ही अडचण सुटते, आणि पुढील इंजिनांत तसें केलेंही आहे.

रेल्वे सोडली तरी जोडीच्या मोटरी ठिकठिकाणीं आहेत. खाणींतील लांब पट्टा दोन मोटरी मिळून ओढतात. मोठ्या गिरणीचा एक दांडा दोन बाजूंनीं दोन मोटरी फिरवितात. तेथें हल्लीं वीज वांचविण्यासाठीं जुनी मोटर काढून अधिक कार्यक्षम अशी नवी बसविण्याची पद्धत पडली आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु जोडीपैकीं एकच बदलली तर काय होतें, याचा हिशेब थोडे लोक करतात. कार्यक्षम मोटरीची पिछाडी बहुधा कमी असते; तोच तिचा गुण. समजा, जुनीची पूर्ण भारास पिछाडी शेंकडा चार आणि नवीची शेंकडा दोन. दोघी एका दांड्यावर आल्या आणि काम दोन मोटरींच्या पूर्ण भाराइतकें असलें, तर पिछाडी शेंकडा २⅔ वर स्थिर होते. त्या पिछाडीस जुनी आपल्या भाराचा दोन तृतीयांश उचलते आणि नवी एक व एक तृतीयांश. नव्या मोटरीच्या तारांत उष्णता पावणेदोनपटींहून अधिक होते. मालक म्हणतो, महाग मोटर निकृष्ट निघाली, सहा महिन्यांत जळली. वस्तुतः ती चांगली होती म्हणूनच जळली. तिला जोड चुकीची मिळाली.

याचा उलट उपयोगही आहे. काम नेहमींच हलकें असेल, तर एका दांड्यावरच्या दोन मोटरी चालू ठेवणें म्हणजे दोघींच्या लोखंडांतील नुकसान भरणें होय, कारण तें नुकसान भार असो वा नसो होतच राहतें. अशा वेळीं एकीची वीज तोडावी. दांड्याबरोबर ती नुसती फिरत राहील आणि दुसरी बऱ्या भारावर, म्हणून बऱ्या कार्यक्षमतेनें चालेल. मात्र तोडण्यापूर्वीं एकटीवर येणारा भार तिच्या पाटीवरील आंकड्यापलीकडे जात नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे.

या साऱ्याचें सार सांगावयास मोठीं सूत्रें लागत नाहींत. दोन मोटरी जोडावयाच्या तर त्यांचा भारच नव्हे, पिछाडीही सारखी पाहावी; एक बदलावयाची तर शक्य तों दोन्ही बदलाव्या; चाकें किंवा पट्ट्याच्या कप्प्या एका मापाच्या ठेवाव्या; आणि प्रत्येक मोटरीच्या वाटेंत प्रवाह मोजणारें घड्याळ असावें. जिओवीच्या बोगद्यांत एके काळीं माणसें धुरानें गुदमरलीं तेव्हां तो धूर सर्वांना दिसत होता. विषम भारानें गुदमरणारी मोटर कांहीं दाखवीत नाहीं. दांडा फिरतच असतो, काम होतच असतें, आणि शेजारची गार राहते. तिची हाक फक्त घड्याळाच्या कांट्यावर उमटते, आणि ती ऐकावयाची तर दोन्ही कांटे एकाच वेळीं वाचावे लागतात.